हाडात ईडीयू दिसत नाहीये, आतड्यात झकास दिसतंय. कुणी सांगेल का?

हाडवैरी

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज अडलं म्हणून धागा काढतेय. इथे पेशीविज्ञानवाले, पॅथॉलॉजीवाले आणि निदान एक पशुवैद्य आहेत हे माहीत आहे.

पुण्यात पीएचडी करतेय. संस्थेचं नाव सांगत नाही. पाषाण, गणेशखिंड आणि लॉ कॉलेज रोड एवढ्यातच इतक्या प्रयोगशाळा आहेत की अंदाज बांधत बसा.

काम असं की उंदराच्या मांडीच्या हाडात, गुडघ्याकडच्या ग्रोथ प्लेटमध्ये (हाड जिथून लांबीला वाढतं तो कूर्चेचा थर), किती पेशी विभागताहेत ते मोजायचं. पोटात ईडीयूचं इंजेक्शन, दोन तासांनी हाड काढायचं, ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये २४ तास फ्रिजमध्ये, मग १४ टक्के ईडीटीएत डिकॅल (म्हणजे कॅल्शियम काढून हाड मऊ करणं), मग ३० टक्के सुक्रोज, ओसीटीत (गोठवायच्या जेलमध्ये) ब्लॉक, क्रायोस्टॅटवर सेक्शन आणि शेवटी क्लिक रिअ‍ॅक्शन.

त्याच उंदराचं आतडंही घेतलं होतं. ते डिकॅलमध्ये न टाकता थेट सुक्रोजमध्ये. त्यात क्रिप्टच्या (अस्तरातल्या खळग्यांच्या) तळाशी हिरव्या केंद्रकांची रांग इतकी सुंदर दिसते की पोस्टर करून लावावं. हाडात मात्र मिट्ट काळोख. ग्रोथ प्लेट सोडा, मॅरोसुद्धा (हाडातला मगज) काळी.

सरांचं म्हणणं, ईडीटीएत आठवडे घालवू नकोस, बाजारातलं रॅपिड डिकॅल आण आणि दोन दिवसांत मोकळी हो. माझं मन घेत नाहीये. काय करू?

बोबडा बोका

मांडीचं हाड, मॅरो, साखरेचं पाणी... वाचता वाचता नळी आठवली आणि भूक लागली. (दिवे घ्या.)

मायक्रोटोम काका

ताई, आधी तुमच्या सरांची बाजू घेतो, म्हणजे तुम्हाला राग आला तर एकदाच येईल.

मी एका मोठ्या रुग्णालयाच्या हिस्टोपॅथॉलॉजीत टेक्निशियन होतो, आता निवृत्त. हाड आलं की सर्जन दुसऱ्या दिवसापासून रिपोर्ट मागतो. तिथे ईडीटीएचं सोवळं परवडत नाही. आम्ही फॉर्मिक अ‍ॅसिड वापरायचो, घाई असेल तर हायड्रोक्लोरिकवालं. हिमॅटॉक्सिलिन-इओसिन (केंद्रकं निळी, बाकी गुलाबी) व्यवस्थित यायचं, आजार ओळखू यायचा, पेशंटला उत्तर मिळायचं. तेव्हा अ‍ॅसिड म्हणजे पाप असं कुणी शिकवलं असेल तर ते अर्धवट आहे.

पण अ‍ॅसिडमध्ये हाड विसरायचं नाही. शनिवारी संध्याकाळी टाकलं आणि सोमवारी काढलं की केंद्रकं निळी न होता गुलाबी होतात. सगळं गुलाबी. एकदा तशी स्लाइड पाहिली की माणूस जन्मभर घड्याळ बघतो.

पॅथोताई

काकांशी सहमत, पण ती गोष्ट रोगनिदानाची. हाडवैरीला हवंय ते वेगळं.

काकांची केंद्रकं गुलाबी का होतात? तीव्र आम्लात डीएनएमधून आधी अ‍ॅडेनिन-ग्वानिन गळतात, मग साखळ्याच तुटू लागतात. फॉयल्गेन रंगात (डीएनए रंगवायची एक पद्धत) हेच आपण मुद्दाम आणि मोजून करतो. तिथे हायड्रोक्लोरिकमधली मिनिटं महत्त्वाची असतात, जास्त झाली की रंग उतरायला लागतो. ईडीयू बसलेलं असतं त्या डीएनएतच. म्हणजे ज्या वहीत हिशोब लिहिलाय तीच भिजवायची आणि मग आकडे वाचायचे. रॅपिड डिकॅल नको. सरांना सांगायचं धाडस नसेल तर बाटलीवरचा घटक वाचून दाखव, बहुतेक हायड्रोक्लोरिकच असेल.

आता तुझ्याकडच्या काळोखाबद्दल एकच प्रश्न. त्याच हाडाच्या सेक्शनमध्ये डॅपी (डीएनए निळं दाखवणारा रंग) कसं आलंय? केंद्रकं टोकदार, निळी, स्वच्छ? की धुरकट?

हाडवैरी

ताई, डॅपी अगदी स्वच्छ आहे. मॅरो तर निळ्या ठिपक्यांनी खचाखच भरलेली दिसते.

पॅथोताई

मग डीएनए जागेवर आहे. इंजेक्शनही लागलंय, नाहीतर आतडं उजळलं नसतं. म्हणजे दोष हाड काढल्यापासून क्लिकपर्यंतच्या रस्त्यावर कुठेतरी.

अनभिज्ञ

मी कॉमर्सचा. ईडीयू म्हणजे काय, क्लिक म्हणजे काय आणि उंदीर हिरवा का होतो, हे कुणी चार ओळींत सांगेल का? धागा आवडला आहे पण डोक्यावरून जातोय.

पेशीवाचक

चार ओळींत जमणार नाही, पण प्रयत्न करतो.

पेशी दुभंगण्याआधी आपल्या डीएनएची नक्कल करते. नक्कल करायला चार प्रकारचा कच्चा माल लागतो, त्यातला एक थायमिडीन. त्याच्यासारखाच दिसणारा तोतया त्या वेळी रक्तात सोडला तर पेशी तोही वापरते. मग तोतया सापडला की त्या दोनेक तासांत नक्कल करणारी पेशी सापडली. इंजेक्शननंतर हा माल शरीरात फार वेळ टिकत नाही, म्हणून हा त्या क्षणाचा फोटोच.

आधी तोतया किरणोत्सारी असायचा, ट्रिशियम लावलेलं थायमिडीन. स्लाइडवर फोटोग्राफिक इमल्शन चढवून अंधारात आठवडेच्या आठवडे ठेवायचे. मग बीआरडीयू आलं, आणि १९८२ मध्ये ग्रॅट्झनरने त्यावरची मोनोक्लोनल अँटिबॉडी प्रसिद्ध केली. अडचण एकच. अँटिबॉडी मोठी असते, दुहेरी गोफातल्या बीआरडीयूपर्यंत तिला पोचता येत नाही. म्हणून सेक्शन २ नॉर्मल हायड्रोक्लोरिकमध्ये ३७ अंशांवर अर्धा तास ठेवून गोफ उलगडावा लागतो, मग बोरेट बफरने आम्ल मारायचं.

२००८ मध्ये सॅलिक आणि मिचिसन यांनी ईडीयू आणलं. त्याला एक छोटं अल्काइन शेपूट असतं. ॲझाइड लावलेला चमकणारा रंग तांब्याच्या मदतीने त्या शेपटाला चिकटतो. रंगाचा रेणू इतका लहान की गोफ उलगडायची गरज नाही. हीच ती क्लिक केमिस्ट्री, जिला २०२२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, बर्टोझी, मेल्डाल आणि शार्पलेस यांना. शार्पलेस यांचं ते दुसरं नोबेल.

उंदीर हिरवा होत नाही. पातळ सेक्शनमधली केंद्रकं फ्लुओरोसन्स सूक्ष्मदर्शकाखाली हिरवी दिसतात.

अनभिज्ञ

धन्यवाद! आता निदान भांडण कशावर चाललंय ते कळेल.

खारूताई

माफ करा, पण एवढं वाचून कुणालाच असं वाटलं नाही का, की पेशी वाढतात का हे बघायला एक जिवंत प्राणी मारला जातोय? सगळे रंग नि बफर यांत मग्न.

गोठेकर

खारूताई, वाटतं. आम्हा पशुवैद्यांना जरा जास्तच वाटतं, कारण संस्थेच्या प्राणी नीतिसमितीत आम्हाला बसावं लागतं.

वस्तुस्थिती सांगतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्र सरकारची समिती आहे. नोंदणीकृत प्राणिगृह लागतं, संस्थेच्या समितीपुढे प्रकल्प मांडावा लागतो, उंदीर का, इतकेच का, त्यांना वेदना किती, शेवट कसा करणार, हे लेखी द्यावं लागतं. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली तीन तत्त्वं, म्हणजे प्राण्याऐवजी दुसरं काही वापरता येईल का, संख्या कमी करता येईल का, त्रास कमी करता येईल का, हे आम्ही विचारतोच. आणि हो, आमच्या बैठकीत अर्ज परत जातात.

म्हणूनच असले धागे मला महत्त्वाचे वाटतात. डिकॅल चुकलं तर प्राणी वाया. पुन्हा करायचं म्हणजे पुन्हा उंदीर.

खारूताई

पटलं असं नाही म्हणणार, पण उत्तर दिलंत याबद्दल आभार.

उलटतपासणी

मूळ प्रश्नाकडे येऊ.

मला वाटतं हाड आतून नीट फिक्सच झालेलं नाही. अख्खं मांडीचं हाड, दोन्ही टोकं बंद, बाहेर स्नायूंचं जॅकेट, आणि २४ तास पॅराफॉर्मल्डिहाइड. ते आत शिरतं का? कातडी-स्नायू पूर्ण काढले होते का? हाडाचा मधला भाग कापून मॅरो उघडी केली होती का?

हाडवैरी

स्नायू काढले होते. गुडघ्याचा सांधा तसाच ठेवला, नाहीतर ग्रोथ प्लेटच सरकते. वरचं टोक कापून टाकलं होतं, त्यामुळे मॅरो एका बाजूने उघडी होती.

उलटतपासणी

मग माझा मुद्दा लंगडा पडतो. तरी सोडत नाही, नोंदवून ठेवा.

कोथरूडची मैना

ईडीटीए कसं बनवलंस गं? आमच्याकडे नवीन मुलं डायसोडियम ईडीटीएची पावडर पाण्यात टाकतात आणि तासभर मॅग्नेट फिरवत बसतात. पांढरा गाळ तळाशी तसाच. मग कुणीतरी गरम करतं, तरी नाही. सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या थोड्या थोड्या टाकत जायचं. पीएच ८ च्या जवळ आला की दुधासारखं पाणी बघता बघता काचेसारखं होतं. मग थोडं आम्ल घालून ७.४ वर आणायचं. ज्याने गाळ तसाच ठेवून वरचं पाणी वापरलं त्याचं १४ टक्के म्हणजे देव जाणे किती टक्के.

अवांतर: गुरुवारी पाणी बंद असतं आमच्या भागात, त्यामुळे बुधवारीच डिस्टिल्ड वॉटरचे कॅन भरून ठेवायचे हा आमच्या लॅबचा अलिखित नियम. ज्याचं बफर गुरुवारी संपतं त्याला सगळे हसतात.

बोबडा बोका

गुरुवारी पाणी नाही, बुधवारी आंघोळ... शास्त्रज्ञ माणसं आपल्यातलीच निघाली.

हाडवैरी

मैनाताई, ईडीटीए पूर्ण विरघळलेलं होतं, ७.४, कोल्ड रूममध्ये स्टररवर, दर दोन-तीन दिवसांनी नवीन. दोनेक आठवडे ठेवलं. सुई टोचून बघितली, सहज गेली.

मायक्रोटोम काका

सुई कुठे टोचली? ग्रोथ प्लेटजवळ टोचली असेल तर सेक्शनमध्ये भोक दिसेल आणि कुणीतरी त्याला रक्तवाहिनी म्हणेल. नेहमी ज्या भागाचा उपयोग नाही तिथे टोचायची. त्याहून बरं म्हणजे चिमट्यात धरून हलकं वाकवून बघायचं. एक्स-रे मिळाला तर सोन्याहून पिवळं.

आम्ही अ‍ॅसिडमध्ये डिकॅल झालं का हे अमोनियम ऑक्झलेटने बघायचो. वापरलेलं द्रावण अमोनियाने उदासीन करायचं, ऑक्झलेट घालायचं, गढूळ झालं म्हणजे कॅल्शियम अजून सुटतोय. ईडीटीएत ही युक्ती तशीच करू नका. ईडीटीए कॅल्शियमला असं धरून बसतं की ऑक्झलेटला तो मिळतच नाही, आधी द्रावण आम्लधर्मी करावं लागतं.

पेशीवाचक

काका, तुमच्या या शेवटच्या वाक्यात बहुधा अख्ख्या धाग्याचं उत्तर आहे!

ईडीटीए कॅल्शियमला धरतं. तांब्याला त्याहूनही घट्ट धरतं. क्लिक रिअ‍ॅक्शन चालते तांब्यावर. हाड दोन आठवडे ईडीटीएत मुरलंय, आतडं मुरलेलं नाही. हाडवैरी, ईडीटीएतून काढल्यावर पीबीएसमध्ये (मिठाच्या बफरमध्ये) धुतलंस का, किती वेळ?

हाडवैरी

लॅबच्या छापील प्रोटोकॉलमध्ये ईडीटीएनंतर थेट सुक्रोज आहे. टिश्यू पेपरवर टिपून सुक्रोजमध्ये टाकायचं, एवढंच. तो प्रोटोकॉल अँटिबॉडीसाठी लिहिलेला आहे, क्लिकच्या आधीचा. स्लाइडवरचं ओसीटी काढायला पीबीएसमध्ये एकदा बुडवून काढतो.

उलटतपासणी

थांबा, थांबा. एवढ्यात टाळ्या नकोत. सेक्शनची जाडी असते १० मायक्रॉन. त्यात ईडीटीए असून असून किती असणार? ओसीटी धुताना निघून जाईल. क्लिकच्या मिश्रणात तांबं काही चिमूटभर नसतं. मला हे कारण फार देखणं वाटतंय, आणि देखण्या कारणांवर माझा विश्वास नाही.

पेशीवाचक

शंका रास्त आहे. पण किट विकणारे उगाच बजावत नाहीत की क्लिकच्या आधी ईडीटीए, सायट्रेटसारखी धातू पकडणारी द्रव्यं टाळा म्हणून. शिवाय इथे एकदा बुडवलंय. बुडवणं म्हणजे धुणं नव्हे.

उलटतपासणी

मान्य. पण मग सिद्ध करा. भांडून काय होणार.

पॅथोताई

सिद्ध करायचा उपाय सोपा आहे आणि तो तसाही करायलाच हवा. पुढच्या वेळी त्याच उंदराच्या आतड्याचा तुकडा घे आणि हाडाच्या शेजारी त्याच बरणीत, त्याच ईडीटीएत, तितकेच दिवस ठेव. मग दोन्हीचं सगळं बरोबर कर. आत्ता तुझा कंट्रोल आरामात बसलाय आणि हाडाने सगळं भोगलंय. आतडंही त्याच वाटेने आलं आणि तरी उजळलं, तर दोष हाडाचा. तेही काळवंडलं, तर दोष वाटेचा.

आणि ज्या ब्लॉकचे सेक्शन उरलेत त्यातले काही आजच अर्धा तास पीबीएसमध्ये तीन-चारदा बदलून धू, बाकीचे नेहमीसारखे बुडवून काढ. एकाच दिवशी, एकाच मिश्रणात क्लिक कर. नवीन उंदीर लागणार नाही.

गोठेकर

पॅथोताईंच्या शेवटच्या ओळीला माझं मत. +१

सिंहगड ते सिएटल

उशिरा आलो. आमच्याकडे डिकॅलच करत नाहीत. कावामोटो यांची टेप पद्धत वापरतात, त्यांनी २००३ मध्ये मांडलेली. हाड कच्चंच गोठवायचं, ब्लॉकवर चिकट फिल्म लावायची, टंगस्टन कार्बाइडच्या पात्याने कापायचं, सेक्शन फिल्मवर चिकटूनच येतो. फाटत नाही, गुंडाळला जात नाही. ईडीटीएच नाही म्हटल्यावर हा अख्खा वाद उरत नाही.

कोथरूडची मैना

टेप आणि ते पातं इकडे मागवायचं म्हणजे आधी तीन कोटेशन, मग खरेदी समिती, मग कस्टम. तोवर ताईचे उंदीर आजोबा होतील.

सिंहगड ते सिएटल

हाहा, बरोबर. ग्रांट संपेपर्यंत पातं विमानतळावरच. दुसरं एक सांगायचं होतं. उंदीर जीएफपीवाला (पेशींत हिरवं चमकणारं प्रथिन असलेला) असेल तर क्लिकचं तांबं जीएफपीची चमक मारतं. नंतर जीएफपीवरची अँटिबॉडी लावून ती परत मिळवावी लागते. फॅलॉइडिनही (पेशीतले ॲक्टिनचे धागे दाखवणारं) तांब्यावर रुसतं.

अस्थिरमती

मला कळत नाही, एवढा खटाटोप का? हाड किती वाढलं हे बघायचं तर कॅल्सीनचं इंजेक्शन द्या, काही दिवसांनी पुन्हा द्या, दोन हिरव्या रेघांमधलं अंतर मोजा. आमच्या ऑर्थोच्या दिवसांत टेट्रासायक्लीनने हेच व्हायचं.

पॅथोताई

डॉक्टर, ते हाड किती बनलं याचं माप. पेशी किती वाढल्या याचं नाही. दोन्ही एकत्र वाढतातच असं नाही. शिवाय कॅल्सीन कॅल्शियमला चिकटून बसतं, डिकॅल केलंत की रेघाही गेल्या. त्याला कच्चं हाड रेझिनमध्ये बसवून कापावं लागतं.

पेशीवाचक

आणि ईडीयू नको असेल तर की-६७ (विभागणाऱ्या पेशींतलं एक प्रथिन, अँटिबॉडीने दिसतं) आहेच, इंजेक्शनशिवाय. पण ते विश्रांतीतल्या पेशी सोडून विभाजनचक्रातल्या सगळ्या टप्प्यांवर दिसतं, त्यामुळे आकडा ईडीयूपेक्षा मोठा येतो. दोन पेपरांची तुलना करताना लोक हे विसरतात. माणसासाठीचा प्रसिद्ध एमआयबी-१ क्लोन उंदरात चालत नाही, एसपी-६ घ्यावा लागतो.

मायक्रोटोम काका

की-६७ साठी अँटिजेन रिट्रीव्हल (अँटिबॉडी पोचावी म्हणून सेक्शन तापवणं) लागतं ना? सायट्रेटमध्ये उकळलंत की हाडाचा सेक्शन स्लाइडवरून उठून पोहायला लागतो. चार्ज्ड स्लाइड घ्या, सेक्शन चांगले सुकवा, आणि उकळण्याऐवजी ६० अंशांवर रात्रभर ठेवा. घाई केली की सकाळी स्लाइड कोरी आणि सेक्शन डब्याच्या तळाशी.

बोबडा बोका

काका, तुमचे प्रतिसाद एकत्र करून पुस्तक काढा. वाचनखूण साठवली.

हाडवैरी

मंडळी, उत्तर आलंय!

पॅथोताईंनी सांगितलं तसं जुन्या ब्लॉकवर केलं. एकच मिश्रण, अ‍ॅस्कॉर्बेट ताजं, एकाच अंधाऱ्या डब्यात शेजारी शेजारी स्लाइड. बुडवून काढलेल्यात पूर्वीसारखाच काळोख, फार तर एखादा फिकट ठिपका. अर्धा तास धुतलेल्यात मॅरो लखलखीत. सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत मी ओरडले, बाहेर शिपाईकाका काय झालं म्हणून आले.

बरणीतल्या आतड्याचा प्रयोगही पुढच्या खेपेला केला. दुसऱ्या प्रकल्पाचा मंजूर उंदीर होता, हाड नि आतडं ते टाकणारच होते. ईडीटीएतून थेट सुक्रोजमध्ये गेलेलं आतडं मंद, आणि मध्ये रात्रभर पीबीएसमध्ये ठेवलेला दुसरा तुकडा नेहमीसारखा हिरवागार. आता प्रोटोकॉलमध्ये ईडीटीएनंतर पीबीएस, तीन बदल, रात्रभर, असं लाल पेनने लिहून भिंतीवर लावलंय. रॅपिड डिकॅलची बाटली सरांनी स्वतःहून परत कपाटात ठेवली, बोलले काही नाहीत.

पण. ग्रोथ प्लेटमध्ये अजूनही फार थोड्या पेशी दिसतात. एका सेक्शनमध्ये मोजक्याच. उलट कडक हाडाच्या आत, त्या छोट्या खळग्यांमध्ये, काही हिरवं दिसतंय. हे काय?

उलटतपासणी

ईडीटीएबद्दल हरलो, लेखी देतो.

खळग्यांमधल्या हिरव्यावर मात्र खूश होऊ नका. ते ऑस्टिओसाइट. हाडात गाडल्या गेलेल्या पेशी, त्या विभागत नाहीत. तिथे दोन तासांत ईडीयू दिसलं म्हणजे पार्श्वभूमीचा उजेड असण्याचीच शक्यता जास्त. ऑस्टिओक्लास्टचंही (हाड कुरतडणाऱ्या पेशी) तेच. त्यांची अनेक केंद्रकं पेशी एकमेकींत मिसळून आलेली असतात, दुभंगून नाही. इंजेक्शन न दिलेल्या उंदराचं हाड बरोबर ठेवलंय का?

हाडवैरी

नाही, रंगाशिवायची स्लाइड आहे फक्त.

उलटतपासणी

मग ते हाड हवंच. तांबं, रंग सगळं तेच, फक्त ईडीयू नाही. त्यातही खळगे हिरवे दिसले की प्रश्न मिटला. लाल पेशींचा उजेड त्रास देत असेल तर सुदान ब्लॅक बघा, पण तो क्लिकनंतर.

गोठेकर

ग्रोथ प्लेटबद्दल मी विचारतो. उंदीर किती वयाचे?

हाडवैरी

साधारण चार महिन्यांचे.

गोठेकर

मग तिथे कमीच दिसणार. उंदराची ग्रोथ प्लेट माणसासारखी पूर्ण बुजत नाही, म्हणून लोकांना वाटतं ती आयुष्यभर धावते. पण दोन महिन्यांनंतर वाढ झपाट्याने मंदावते. चार महिन्यांच्या उंदरात प्लेट दिसते, स्तंभ दिसतात, काम मात्र जेमतेम चालू असतं. प्रश्न वाढीचा असेल तर तीन-चार आठवड्यांचे उंदीर घ्यावेत. त्यांच्यात चपट्या पेशींच्या नाण्यांसारख्या रचलेल्या रांगांमध्ये ईडीयू भरपूर दिसेल, खाली फुगलेल्या पेशींच्या थरात जवळपास नाही. तो फरक दिसला म्हणजे रंग खरा.

समितीत वयाचा बदल सुधारणा म्हणून मांडावा लागेल. कारण एका परिच्छेदात लिहा, बैठकीआधी पाठवा.

हाडवैरी

पण माझा प्रकल्प मोठ्या उंदरांवरच आहे. वय वाढल्यावर काय होतं तेच बघायचंय.

पॅथोताई

मग कमी आकडा हाच तुझा निकाल आहे, फक्त तो खरा आहे हे दाखवायला लहान उंदराचं हाड शेजारी ठेव. एकाच बॅचमध्ये, एकाच बरणीत. लहानाचं हाड काही दिवसांतच मऊ होतं, मोठ्याला आठवडे लागतात, तेव्हा लहानाचं आधी काढून पीबीएसमध्ये ठेवायचं की दोन्ही तितकेच दिवस ईडीटीएत, हे आधी ठरव.

मायक्रोटोम काका

दोन्ही तितकेच दिवस ठेवा. ईडीटीएत थोडं जास्त राहिलं तर बिघडत नाही, अ‍ॅसिडसारखं नाही ते. आणि बरण्यांवर पेन्सिलने लिहा, मार्करने नको. अल्कोहोल सांडलं की मार्कर जातो, मग कुठलं लहान नि कुठलं मोठं ते उंदरालाच विचारावं लागतं.

अस्थिरमती

कॅल्सीनबद्दलचं पॅथोताईंचं म्हणणं मान्य. पण प्लॅस्टिकमधल्या कच्च्या सेक्शनवर क्लिक चालतं का, हे कुणी केलंय का? चाललं तर दोन्ही एकाच हाडात बघता येईल.

सिंहगड ते सिएटल

रेझिनचा अनुभव नाही. टेपवर मात्र चालावं, कॅल्शियम तिथेच असतो आणि सेक्शनही. कॅल्सीन हिरवं असतं, तेव्हा ईडीयूला लाल रंग घ्या.

हाडवैरी

टेपसाठी कोटेशन मागवलंय. तीन लागतात, एक आलंय.